एकोणिसावा फोटो

एक

नऊ नंबरच्या पट्ट्यात गाडी नव्हती.

शनिवारची सकाळ. सुपरमार्केट उघडून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मागच्या आवारात पिवळ्या रेघांनी आखलेले बारा पट्टे होते. त्यांतल्या अकरांत धुऊनपुसून चकचकीत केलेल्या जुन्या गाड्या शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या होत्या. नऊ नंबरात मात्र नुसती जमीन दिसत होती.

"काल संध्याकाळी सहाला ती निळी गाडी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती!" गाडीसाहेब ओरडत होते. "अकरा वाजता गिऱ्हाईक न्यायला येणार आहे! काय सांगू त्यांना?"

तीस वर्षं पीठ, साबण आणि बिस्किटं विकणाऱ्या ह्या दुकानाने आठ महिन्यांपूर्वी वापरलेल्या गाड्या ऑनलाइन विकायला सुरुवात केली होती. लोक घरबसल्या फोनवर फोटो बघत, गाडी पसंत करत, आणि महिन्याचं सामान न्यायला यावं तसे येऊन गाडी घेऊन जात. ह्या विभागाचे प्रमुख म्हणजे गाडीसाहेब. आधी ते भाजी विभागाचे प्रमुख होते, त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना अजून भाजीसाहेबच म्हणत. वाईट माणूस नव्हता. पण नव्या विभागाचा भार डोक्यावर आल्यापासून त्यांचा आवाज कायम वरच्या पट्टीत लागलेला असे.

त्यांच्यासमोर सुभेदार मान ताठ ठेवून उभे होते. हे फाटकावरचे रखवालदार. सैन्यात ते कधीच नव्हते, सुभेदारकी मिळाली ती मिशांमुळे.

"चावी कपाटात लटकतेय, कपाटाला कुलूप आहे आणि गाडी गायब," गाडीसाहेब म्हणाले. "आवारातून बाहेर जायला वाट एकच, तुमचं फाटक. आता बोला!"

"माझ्या फाटकातून ती गाडी बाहेर गेलेली नाही, साहेब."

"मग काय उडून गेली?"

"माझ्या फाटकातून गेलेली नाही," सुभेदार पुन्हा तेवढंच म्हणाले.

सामान परत घेण्याच्या खिडकीत बसणाऱ्या मावशी हे सगळं मागच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बावीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी फुटलेले मिक्सर, तोकडे पडलेले सदरे आणि बाकीच्या शंभर वस्तू परत घेतल्या होत्या. वस्तूबरोबर लोक जे खरं-खोटं सांगत, तेही मुकाट ऐकून घेतलं होतं. समोरचा काय बोलतो यापेक्षा तो काय गाळतो, याकडे त्यांचा कान आपोआप जायचा.

दुकानाच्या व्यवस्थापक मॅडम घाईघाईने आल्या. गाडीसाहेबांनी त्यांना बाजूला नेलं, पण आवाज काही बाजूला गेला नाही.

"पाच वाजता पोलिसांत तक्रार देऊ. आणि ह्यांना आजच घरी पाठवा. चौदा वर्षं नोकरीतला माणूस, पण काय करणार?"

मॅडमचा चेहरा उतरला. समोर मावशी दिसल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी, अकरा वाजता त्या नर्सबाई येतील. त्यांच्याजवळ बसा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या. तुम्हाला माणसं सांभाळता येतात."

"सांभाळते," मावशी म्हणाल्या. "पण मॅडम, पाच वाजेपर्यंत चार लोकांना चार प्रश्न विचारायची मुभा द्या. सुभेदार चोर असेल तर मी आजवर खिडकीत बसून झोपाच काढल्या म्हणायच्या."

मॅडमनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा सुभेदारांकडे. "पाच वाजेपर्यंत. एक मिनिट जास्त नाही."

दोन

नर्सबाई अकराला पाच कमी असतानाच आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला मोठी औषधांची पिशवी. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा करायच्या. हातात एक छोटी उशी होती, निळ्या लोकरीने स्वतः विणलेली. ड्रायव्हरच्या सीटवर पाठीमागे ठेवायला.

मावशींनी आधी पाण्याचा पेला पुढे केला आणि मग जे होतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. बातमी फिरवून सांगितली की माणसाला दोनदा लागते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

नर्सबाई चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उशी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अकरा वर्षं बसने जातेय हो. एका घरून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तिकडच्या आजोबांची सुई टोचायची वेळ टळून जाते. पहिलीच गाडी आहे माझी." मग कसनुसं हसल्या. "गाडी कसली, नुसते फोटो. ते मात्र तोंडपाठ झालेत. सासूबाईंना दिसायला कमी येतं, त्यामुळे रोज चहाच्या वेळी मी फोनवर एकेक फोटो उघडते आणि वर्णन करून सांगते. हे स्टिअरिंग, हे मागचं दार. चोवीस फोटो आहेत. म्हणजे होते. आता तेवीस."

मावशींची लेखणी थांबली. "होते म्हणजे?"

"बुधवारपर्यंत चोवीस होते. गुरुवारी बघते तर एक कमी. सासूबाईंनीच पकडलं. म्हणाल्या, सूनबाई, आज डिकी लवकर आटपलीस. खरंच, डिकीचे दोन फोटो होते, त्यातला एक गेला. एकोणिसावा."

"तो आता बघायला मिळणार नाही, नाही का?"

"का नाही? मी सगळे पहिल्याच दिवशी उतरवून घेतलेत." त्यांनी फोन पुढे केला.

फोटो डिकीच्या तळाचा होता. गालिचा उचललेला, खाली स्टेपनी बसवायचा गोल खड्डा. मावशींनी चष्मा सारखा केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. खड्ड्याच्या कडेने, चारी बाजूंनी एकाच उंचीवर, एक बारीक तपकिरी रेघ गेलेली होती. पाणी भरलेली बादली बरेच दिवस तशीच ठेवली की आतून उमटते तशी.

आणि रेघेखाली, कोपऱ्यात, वाळलेला गाळ होता.

तीन

फोटोवालीची खोली म्हणजे आवाराच्या टोकाची पांढऱ्या भिंतींची शेड. मुलगी पंचविशीची, कामाला चोख. मावशींनी विचारताच ती म्हणाली, "मी प्रत्येक गाडीचे चोवीसच फोटो काढते. एकोणिसावा नेहमी स्टेपनीचा आणि चोविसावा चाव्यांचा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"मग एक काढून कोणी टाकला?"

"मी नाही हं, मावशी! एकदा फोटो चढवले की मला त्यांना हात लावता येत नाही. ते फक्त दोघांना जमतं, गाडीसाहेबांना आणि उस्तादांना."

उस्ताद म्हणजे गाड्या तपासणारे मेकॅनिक. प्रत्येक गाडी एकशे वीस ठिकाणी तपासली जाते, असं दुकानाची जाहिरात सांगत असे. त्या तपासणीच्या अहवालाखाली उस्तादांची सही असायची.

"हा एकोणिसावा फोटो काढताना तुला काही वेगळं दिसलं होतं?"

मुलगी ओशाळली. "गाळ दिसला होता. मला वाटलं, आधीचा मालक शेतीवाडीचं सामान नेत असेल. मला गाड्यांमधलं कुठे काय कळतं? मी फक्त प्रकाश बघते."

मावशी निघणार, तोच चोविसाव्या फोटोवर त्यांची नजर अडकली. बॉनेटवर निळ्या कापडाचा तुकडा आणि त्यावर, एकाच कडीत अडकवलेल्या, दोन चाव्या.

"ह्या गाडीला दोन चाव्या होत्या?"

"हो. फोटो झाल्यावर दोन्ही तशाच कडीत अडकवून उस्तादांच्या हातात दिल्या. त्यांनी माझ्यासमोर कपाटात लावल्या."

मावशी तडक किल्ल्यांच्या कपाटाकडे गेल्या. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. नऊ नंबरच्या हुकावर चावी लटकत होती, गाडीसाहेबांनी सांगितलं होतं तशी. कडीही तीच. सकाळपासून चार जणांनी त्या हुकाकडे बघून 'चावी आहे' म्हटलं होतं. मोजायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

कडीत चावी एकच होती.

चार

कपाटाची किल्ली दोघांकडेच असायची. पुन्हा तीच दोन नावं, गाडीसाहेब आणि उस्ताद.

उस्ताद एका गाडीखाली आडवे झाले होते. मावशींचा आवाज ऐकून ते सरपटत बाहेर आले. साठीला टेकलेला माणूस, केस पांढरे, हात मनगटापर्यंत काळे. चिंधीने हात पुसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या बाई आल्या होत्या का? फार हिरमुसल्या का?"

"हिरमुसणारच. उशी विणून आणली होती गाडीसाठी."

उस्तादांनी मान खाली घातली. चिंधी बोटांवरून फिरतच राहिली. "त्यांना सांगा, ह्याच गाडीसाठी अडून बसू नका. चांगली गाडी बघू त्यांच्यासाठी. मी स्वतः बघेन."

"तुम्हाला काय वाटतं, कोणी नेली असेल?"

"मला काय ठाऊक? मी आपला गाड्यांखाली असतो दिवसभर," उस्ताद म्हणाले, आणि तेवढ्यात गाडीसाहेबांचा फोन आला. दुसऱ्या शाखेतून एक गाडी आणायची होती, आत्ताच्या आत्ता. उस्ताद हात धुऊन निघून गेले. चार वाजेपर्यंत परतणार नव्हते.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. खिडकीत त्यांनी हे हजार वेळा पाहिलं होतं. ज्याची वस्तू खरोखर हरवते तो आधी वस्तूबद्दल विचारतो. कुठे गेली, कधी गेली, कोणी पाहिली. ज्याला वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं, तो माणसांबद्दल विचारतो. उस्तादांनी गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

पण मग लगेच दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याला छेद देणारा होता. फोटो काढून टाकणाऱ्याला गाळ लपवायचा होता. म्हणजे त्याला गाडी विकली जायला हवी होती. गाडी गायब करणाऱ्याला मात्र ती विकली जायला नको होती. ही दोन कामं एका माणसाची असूच शकत नव्हती.

दोन माणसं होती, आणि दोघं एकमेकांच्या उलट दिशेने ओढत होते.

पाच

सुभेदार फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसले होते. दुपार टळली तरी डबा उघडला नव्हता. गणवेशाची टोपी काढून टेबलावर ठेवली होती, परत करायची असल्यासारखी.

"सुभेदार, गाडी कोणी नेली?"

"माझ्या फाटकातून गेली नाही, मावशी. फाटकावरचा कॅमेरा बघा. जाणाऱ्या प्रत्येक नंबराचा फोटो निघतो. तो नंबर त्यात नाही."

"तो बघितला मी. मी वेगळं विचारतेय. गाडी कुठे आहे, ते तुम्हाला माहीत आहे का?"

सुभेदारांनी खिडकीबाहेर पाहिलं. मिशीचं टोक उगाच पिळलं. "माझ्या फाटकातून गेली नाही."

सकाळी दोनदा, आता दोनदा, तेच वाक्य. 'मला माहीत नाही' असं मात्र ह्या माणसाने दिवसभरात एकदाही म्हटलं नव्हतं. सुभेदारांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी खरं तेवढं बोलायचं आणि बाकीच्यावर मूग गिळून बसायचं ठरवलं होतं.

"पाच वाजता घरी गेल्यावर काय सांगणार?"

"बायकोला काय, थोडं लवकर आलो म्हणून सांगेन." ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

मावशी जड पावलांनी खिडकीत परतल्या. गाडी बाहेर गेली नाही, म्हणजे ती आत आहे. पण एवढी मोठी वस्तू आत लपणार कुठे? आवारात लपायला ना खोली, ना कोपरा. बारा पट्टे, फोटोची शेड, उस्तादांची जागा, आणि पलीकडच्या भिंतीला लागून अजून तपासणी न झालेल्या गाड्यांची रांग. त्या गाड्या संगणकात चढलेल्या नसत, नुसत्या कव्हर घालून उभ्या केलेल्या असत.

कव्हर घालून.

मावशींनी मागे वळून फळीकडे पाहिलं. ह्या आठवड्यात परत आलेल्या वस्तू तिथे पडून होत्या. दोन इस्त्र्या, एक पंखा, लहान मुलांचे बूट आणि गाडीच्या कव्हरचं एक फोडलेलं पाकीट. गुरुवारी त्या जेवायला गेल्या असताना शेजारच्या खिडकीतल्या मुलीने ते बदलून दिलं होतं. पावतीवर तिने कारण लिहिलं होतं, 'माप लहान पडलं, मोठं दिलं.'

मावशींनी पाकीट उजेडात धरलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, नेमकं उघडायच्या जागी, अंगठ्याचा एक ठसा होता.

काळ्या ग्रीसचा.

सहा

चार वाजायला आले होते. मावशी भिंतीलगतच्या रांगेपाशी उभ्या राहिल्या. वर विजेचा खांब होता आणि खांबावर कबुतरांची वस्ती. मॅडमकडून आणलेल्या यादीत तपासणी न झालेल्या गाड्या सहा लिहिल्या होत्या.

रांगेत कव्हर घातलेल्या गाड्या सात होत्या.

सातही कव्हरं चंदेरी, सातही धुळीने माखलेली. पण सहांवर धुळीबरोबर कबुतरांची महिन्यांची रांगोळी होती. डावीकडून तिसऱ्या कव्हरवर नुसतीच धूळ होती, आणि तीही मुठीने भुरभुरावी तशी. मावशींनी खाली वाकून कव्हरचं टोक उचललं. आत फिकट निळा पत्रा होता.

"चावी माझ्याकडे आहे," मागून आवाज आला.

उस्ताद परतले होते. त्यांनी खिशातून दुसरी चावी काढली आणि पळून जायच्या भानगडीत न पडता मावशींच्या हातात ठेवली.

"चोरी नाही केली मावशी. सोमवारपर्यंत लपवली फक्त."

"का?"

उस्तादांनी कव्हर सारलं, डिकी उघडली, गालिचा वर केला. मग पुढचं दार उघडून सीटखालचे बोल्ट दाखवले. गंजून लाल झालेले. स्टिअरिंगखालचं झाकण बाजूला करून त्यांनी एक वायर बाहेर ओढली. तांब्याचं टोक हिरवं पडलं होतं.

"पुरात बुडालेली गाडी आहे ही. वरून धुतली, आतून सडतेय. ही वायर एअरबॅगची. ठोकर बसली तर उघडणार नाही, किंवा कधीही, चालवता चालवता, तोंडावर उघडेल. मी ही गाडी तपासलीच नव्हती. त्या आठवड्यात चाळीस गाड्या आल्या होत्या. तपासली बुधवारी, विकली गेल्यावर. बघतो तर अहवाल आधीच चढलेला आणि खाली माझी छापील सही, मी न केलेली. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, उन्हात ठेवा, वाळेल."

"मॅडमना का नाही सांगितलं?"

"मी कंत्राटावरचा माणूस. साहेबांना डावलून वर गेलो तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा, आणि गाडी त्या बाईंच्या दारात. म्हणून मुख्य कचेरीला पत्र लिहिलं, फोटोंसकट. सोमवारी माणूस पाठवतो म्हणालेत. तोवर गाडी द्यायची नव्हती, बस. काल सातच्या सुमाराला, दुकानात गर्दी असताना, इथे आणून उभी केली. सुभेदाराने बघितलं. त्याला म्हटलं, सोमवारपर्यंत काही बोलू नकोस. तो म्हणाला, विचारलं तर खोटं बोलणार नाही, पण विचारल्याशिवाय सांगणारही नाही."

"उस्ताद, सुभेदारांना आज पाच वाजता कामावरून काढतायत. पोलिसांतही देणार आहेत."

उस्तादांच्या हातातली वायर सुटली.

"काय? मला कोणी... सकाळी मला एवढंच कळलं की गाडी सापडत नाही. त्याच्यावर आळ?" ते खाली बसले, तिथेच, जमिनीवर. "अहो, त्याने माझं नाव सांगायचं होतं ना!"

"सांगितलं नाही त्यांनी."

उस्तादांनी काळ्या हातांनीच तोंड झाकलं. मग एकदम उठले. "चला. आत्ताच्या आत्ता चला."

पाचला वीस मिनिटं कमी होती.

सात

मॅडमच्या खोलीत गाडीसाहेब तक्रारीचा कागद लिहीत बसले होते. उस्तादांनी दारातूनच सांगून टाकलं, "गाडी मी लपवली. सुभेदाराचा काही संबंध नाही."

गाडीसाहेब ताडकन उठले. "बघितलंत मॅडम? मी सांगत होतो ना, आतलाच..."

"बसा साहेब," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गाडी का लपवली ते अजून कोणी विचारलं नाही."

त्यांनी एकेक गोष्ट टेबलावर मांडली. नर्सबाईंनी पाठवलेला एकोणिसावा फोटो, कव्हरचं पाकीट, दुसरी चावी. गाळ आणि वायर कुठे बघायची तेही सांगितलं. "फोटो काढून टाकणं दोघांनाच शक्य होतं. कपाट उघडणंही त्याच दोघांना. त्यातल्या एकाने गाडी विकली जाऊ नये म्हणून ती लपवली. मग विकली जावी म्हणून फोटो कोणी काढून टाकला, हे मी नाही सांगत. साहेब, तुम्हीच सांगा."

गाडीसाहेब कागदावर लिहिलेल्या अर्धवट ओळीकडे पाहत राहिले. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत होता.

"बुधवारी काढून टाकला. उस्ताद सांगून गेले आणि मला दरदरून घाम फुटला. महिनाअखेरपर्यंत ठरलेल्या गाड्या गेल्या नाहीत तर विभाग बंद करणार, असं वरून आलंय. नऊ माणसं आहेत माझ्याकडे. मी मनाला समजावलं की थोडं पाणी शिरलं असेल, वाळेल. भाजीत असताना भिजलेले बटाटे मी उन्हात पसरायचो, दोन दिवसांत कोरडे." ते थांबले. "एअरबॅगचं मला खरंच माहीत नव्हतं."

"मी सांगितलं होतं," उस्ताद म्हणाले.

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं."

मॅडम उठल्या. कागद फाडून टोपलीत टाकला. "आधी सुभेदारांना बोलवा. मग नर्सबाईंना फोन मी करते. आणि साहेब, त्यांच्यासमोर हे सगळं तुम्ही स्वतः सांगणार आहात. वर काय कळवायचं ते मी बघेन. त्यात तुमचंही नाव असेल आणि अहवाल न बघता पुढे जाऊ देणारीचं, म्हणजे माझंही."

सुभेदार आले. टोपी हातातच होती. उस्ताद त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोघांची वीस वर्षांची दोस्ती.

"मला सांगायचंस तरी," उस्ताद म्हणाले.

"कधी सांगू? तू गाडी आणायला गेलेला. आणि फोनवर सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, गाडी बाहेर निघाली असती, आणि त्या बाई आज संध्याकाळी त्यातच बसून घरी गेल्या असत्या." सुभेदारांनी हातातली टोपी झटकली. "पण एक सांगतो. पुन्हा मला असं काही सांगू नकोस. आज दिवसभर पोटात घास गेला नाही माझ्या. तू सोमवार म्हणाला होतास, आणि मी शनिवारीच संपलो असतो."

"चुकलो," उस्ताद म्हणाले. एवढंच. सुभेदारांनी टोपी डोक्यावर घातली आणि त्यांच्या काळ्या हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

आठ

सोमवारी मुख्य कचेरीची माणसं आली आणि निळी गाडी ट्रकवर घालून घेऊन गेली. उस्तादांना ताकीद मिळाली, कारण गाडी लपवणं ते लपवणंच. पण त्याच पत्रात दुसरं कलमही होतं. इथून पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने सही केल्याशिवाय एकही गाडी फोनवर दिसणार नव्हती. विभाग बंद झाला नाही, फक्त चाळीसच्या जागी आठवड्याला बारा गाड्या येऊ लागल्या. गाडीसाहेबांची प्रमुखपदाची खुर्ची गेली. भाजी विभागात परत जाण्याची मोकळीक होती, तरी ते इथेच राहिले, उस्तादांच्या हाताखाली, वही घेऊन.

नर्सबाईंनी त्या शनिवारी संध्याकाळी परत येऊन सगळं ऐकून घेतलं होतं. गाडीसाहेबांनी त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळून का होईना, पण काही न वगळता सांगितलं होतं. मग नर्सबाई म्हणाल्या, "माझे सगळे पेशंट अंथरुणात असतात. मी वेळेवर नाही गेले तर त्यांना उठून मला शोधायलाही येता येत नाही." आणि उठून गेल्या. सगळ्यांना वाटलं, त्या आता काही परत येत नाहीत.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, त्या आल्या. बरोबर सासूबाई होत्या, काठी टेकत, सुनेचा दंड धरून. फोन काढलाच नाही. सरळ आवारात गेल्या.

चार नंबरच्या पट्ट्यात एक पांढरी गाडी होती. उस्ताद तिच्या बॉनेटशी उभे होते. "ही बघा," ते म्हणाले. "पण आधी ह्यांचं ऐकून घ्या."

गाडीसाहेबांनी वही उघडली. घसा खाकरला.

"डाव्या मागच्या दारावर ओरखडा आहे, वीतभर. रंग लावलेला नाही, दिसतो तसाच आहे. ड्रायव्हरची काच खाली घेताना किरकिरते. एसी थंड व्हायला पाच मिनिटं घेतो. स्टेपनी जुनी आहे, सहा महिन्यांत बदलावी लागेल. आधीचे मालक शिक्षक होते, मागच्या सीटवर शाईचा डाग आहे, आम्ही धुतला, गेला नाही." त्यांनी पान उलटलं. "आणखी आहे. सांगू?"

"सगळं सांगा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सूनबाईने एवढं बारीक कधी सांगितलं नव्हतं."

गाडीसाहेब पुढचं पान वाचू लागले. सुभेदार फाटक सोडून चार पावलं पुढे आले. मावशी मागच्या दारात होत्या, खिडकीवर कोणी नव्हतं. वाचून संपलं तेव्हा नर्सबाईंना हसू आवरेना.

"अहो, एवढे दोष सांगितल्यावर ही गाडी घेणार कोण?"

सासूबाईंनी काठी सुनेकडे दिली, दोन्ही हातांनी चाचपत गाडीच्या अंगावरून हात फिरवला, मागच्या दारापाशी आल्या, ओरखडा बोटांना लागला तशा थांबल्या.

"वीतभर म्हणाले, वीतभरच आहे," त्या म्हणाल्या. "दार उघड ग. मी पुढे बसणार."